वणीचा गड आणि हॉलमधला खांब

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, हॉलच्या मधोमध एक स्टीलचा खांब उभा आहे. 45 मिलिमीटर जाडीचा, जमिनीपासून थेट छतापर्यंत. पहिल्यांदा येणारा माणूस आधी खांबाकडे बघतो, मग छताकडे आणि मग माझ्याकडे. सिलिंडर घेऊन आलेल्या दादांनी विचारलं, "ताई, स्लॅबला टेकू दिलाय का?" मी म्हटलं, "नाही हो, व्यायामाचा आहे." ते लगेच म्हणाले, "म्हणजे मल्लखांब!" त्याच आठवड्यात नात्यातल्या एक काकू आल्या. त्यांनी मात्र खांब बघून आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "अगं, हे पोल डान्सचं ना? सोसायटीत कळलं तर?"

एकाच वस्तूला मिळालेली ही दोन नावं मला तेव्हापासून सोडत नाहीत. मी करते तो पोल डान्सच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सिलिंडरवाले दादाही चुकले नव्हते. नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाच्या तोंडी आधी मल्लखांब यावा, याला कारण आहे.

ते कारण इथून साधारण साठ किलोमीटरवर वणीच्या गडावर आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं, अशी कथा तालमींमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या वयाच्या मुलाने आव्हान उचललं आणि तयारीसाठी मुदत मागितली. तो याच वणीच्या, म्हणजे सप्तशृंगीच्या गडावर गेला आणि देवीची उपासना केली. तिथे मारुतीने त्याला दर्शन देऊन लाकडी खांबावरच्या पकडी दाखवल्या. काहीजण सांगतात की गडावरच्या झाडांवर माकडं कशी चढतात, पायाने फांदी कशी धरतात ते बघून त्याने त्या बसवल्या. परत आल्यावर त्याने गुलाबला चीत केलं आणि अलीने माघार घेतली.

दर्शन खरं की माकडं खरी, या वादात मला शिरायचं नाही. गडावर गेलेल्या कोणालाही दुसरी गोष्ट सहज पटेल. पायऱ्या चढताना हातातली प्रसादाची पिशवी पळवून माकड ज्या पद्धतीने झाडावर जातं, त्यात अढी स्पष्ट दिसते. मांड्यांच्या आतल्या बाजूने खोड आवळायचं आणि हात मोकळे ठेवायचे, ही मल्लखांबाची पहिली पकड. तिला अढी म्हणतात.

खांबावरची कसरत त्याआधीही होतीच. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 1130 च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या प्रकरणात खांबावरच्या श्रमाचा उल्लेख येतो. बाळंभटदादांनी त्याला शिस्त दिली आणि शिष्य तयार केले. पेशवाई 1818 मध्ये संपली, बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तला गेले, आणि ही विद्या उत्तरेत काशीच्या आखाड्यांपर्यंत पोचली. पुढे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती वाढवली. अमरावतीच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं केली, त्यात मल्लखांब होता. राष्ट्रीय महासंघ व्हायला 1981 उजाडलं. पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर झाली. आपल्या नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेतही कित्येक पिढ्यांनी खांबाला तेल लावलं आहे.

या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते खांब उभा करण्यामागचं कारण. कुस्तीला जोडीदार लागतो. जोडीदार नसेल तेव्हा त्याच्या जागी खांब. खांबाचं वरचं बोंड म्हणजे डोकं, त्याखाली मान, मग अंग. त्याला बगलेत धरायचं, पायाने अडकवायचं, मानेला विळखा घालायचा. म्हणजे एकट्याने करायचा सराव म्हणूनच मल्लखांब जन्माला आला. घरात एकटी खांबाशी झगडणारी बाई म्हणूनच मला या परंपरेत फारशी परकी वाटत नाही.

बायकांची वाट मात्र वेगळी आणि उशिराची. पुरलेला मल्लखांब पुरुषांचा आणि दोरीचा मल्लखांब मुलींचा, अशी वाटणी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. दोरीवरच्या मुलींनी जे करून दाखवलं त्याला तोड नाही. मुलींनाही स्पर्धांमध्ये पुरलेल्या खांबावर उतरता येऊ लागलं ते अलीकडच्या काळात. माझ्या आईच्या पिढीतल्या नाशिकच्या मुलीने तालमीच्या दारातून आत डोकावलं असतं तरी तिला हटकलं असतं.

आता काकूंनी सांगितलेलं दुसरं नाव. पोल डान्सची मुळं एका ठिकाणी नाहीत. चिनी सर्कशीत उंच खांबावरच्या कसरती फार जुन्या. ते खांब रबराने मढवलेले असतात, म्हणून कलाकार अंगभर कपडे घालूनही त्यांवर चढू शकतात. अमेरिकेत 1920 च्या दशकात गावोगाव फिरणाऱ्या जत्रांमध्ये तंबूच्या मधल्या खांबाभोवती बायका नाचत, असं सांगतात. पुढे तो खांब नाइट क्लबात गेला, आणि 1980 च्या दशकात कॅनडा-अमेरिकेच्या क्लबांमध्ये पक्का बसला. बदनामी तिथली. ती नाकारण्यात अर्थ नाही, कारण आज शिकवल्या जाणाऱ्या कितीतरी फिरक्या आणि पकडी त्या क्लबांत काम करणाऱ्या बायकांनीच शोधून काढल्या आहेत. त्यांची नावं कुठे नोंदली गेली नाहीत, पण त्यांची मेहनत या प्रत्येक फिरकीत आहे.

1990 च्या दशकात कॅनडाच्या फॉनिया मॉन्डी यांनी क्लबशी संबंध नसलेल्या साध्या बायकांना हे शिकवायला सुरुवात केली आणि घरी बघून शिकता येईल असे व्हिडिओ काढले. घरात बसवता आणि काढता येणारे खांब पुढच्या दशकात बाजारात आले. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ झाला, 2012 मध्ये लंडनला जागतिक स्पर्धा झाली, आणि 2017 मध्ये क्रीडा महासंघांच्या जागतिक संघटनेने त्याला निरीक्षक दर्जा दिला. स्पर्धेत दोन खांब असतात, एक स्थिर आणि एक फिरता.

पोल डान्स आपल्या मल्लखांबातूनच तिकडे गेला, असं हल्ली अभिमानाने फिरवलं जातं. मला हे पटत नाही. तसा धागा दाखवणारा पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. मल्लखांबाचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही, आणि पोल डान्सला प्रतिष्ठा देण्यासाठी त्याला उसने पूर्वज चिकटवणं हे दोघांवरही अन्याय करणारं आहे. शरीर तेच, उभा खांब तोच, गुरुत्वाकर्षण तेच. मग दोन देशांतल्या माणसांना सारख्या पकडी सुचल्या तर त्यात नवल काय?

उलट दोघांमधला फरक जास्त शिकवतो. मल्लखांब शिसवीचा किंवा सागवानी, साडेआठ फुटांच्या आसपास उंच, खाली जाड आणि वर निमुळता. त्याला एरंडेल लावतात, म्हणजे घर्षण कमी होतं आणि कातडी सोलत नाही. शिवाय खांब निसरडा झाला की पकड स्नायूंनीच धरावी लागते. स्टीलच्या खांबाचं उलट. तिथे तेलाचा थेंबही चालत नाही. आंघोळीनंतर हाताला क्रीम लावलं तर त्या दिवशीचा सराव बुडालाच समजा. कोरडी कातडी धातूला चिकटते, तीच पकड. कापड घसरतं. म्हणून पोल डान्सला आखूड कपडे लागतात. तालमीतला पोरगा लंगोट किंवा आखूड चड्डी घालून खांबावर चढतो तेही याच कारणासाठी, आणि त्याच्या कपड्यांची चर्चा आपण कधी करत नाही. काकूंना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "हे कोणी असं सांगितलंच नव्हतं."

त्यांच्या मनातली भीती कुठून आली हेही मी जाणते. महाराष्ट्रात 2005 मध्ये डान्स बारवर बंदी आली, मग कोर्टकज्जे झाले, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, 2016 मध्ये नवा कायदा आला आणि 2019 मध्ये त्यातल्या काही अटीही न्यायालयाने काढून टाकल्या. या पंधरा वर्षांत 'डान्स' या शब्दाला आपल्या मध्यमवर्गीय घरांत जो वास चिकटला, तो अजून गेलेला नाही. लावणीनेही हेच सोसलं.

घरच्या घरी सराव करणाऱ्यांची संख्या माझ्या ओळखीत तरी 2020 च्या टाळेबंदीनंतर वाढली. जिम बंद, तालमी बंद, आणि हातात मोबाइल. मीही तेव्हाच सुरुवात केली, आणि अंबडच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून रेलिंगचा दोन इंची पाइप आणला. तो चुकीचा निघाला. पत्रा पातळ, मुठीत नीट बसायला जाड, आणि वजन टाकलं की वाकायचा. मग 45 मिलिमीटरचा खरा खांब घेतला. तो दाबावर उभा राहतो: खालचा स्क्रू फिरवला की वरची चकती छताला घट्ट दाबून बसते. बसवायला आलेल्या माणसाने तो थेट पीओपीच्या खोट्या छताखाली उभा केला आणि "एकदम फिट आहे मॅडम" म्हणून निघून गेला. मीही तपासलं नाही. दुसऱ्या आठवड्यात फिरकी घेताना वरची चकती सरकली, पीओपीचा तुकडा खाली आला आणि मी कमरेवर आपटले. तीन आठवडे वाकता येत नव्हतं. खांब सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा बीमखालीच हवा, आणि खाली जाड गादी हवीच. आता मी दर वेळी चढण्याआधी खांबाला दोन्ही हातांनी धरून हलवून बघते.

पडल्यानंतर मी एका तालमीतल्या वस्तादांना भेटायला गेले. मांडीच्या आतल्या बाजूला निळे-काळे डाग पडले होते, ते सांगायला लाज वाटत होती. त्यांनी नुसतं विचारलं, "डाग कुठे आहेत? गुडघ्याच्या वर, आत?" मी हो म्हटलं. "मग अढी बरोबर लागते आहे. दोन्ही बाजूंनी करता का?" मी एकाच बाजूने करत होते. "डावीकडून जेवढं, तेवढंच उजवीकडून. नाहीतर पाठ वाकडी होईल, बाई." व्हिडिओतून सहा महिन्यांत न कळलेलं ते एका वाक्यात सांगून गेले.

खाण्याचा विषयही त्यांच्याकडेच निघाला. पहिलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि ते पचवायला शेकडो जोर-बैठका. तो कुस्तीगिराचा खुराक, मल्लखांब करणाऱ्याचा नव्हे. स्वतःचं वजन हाताने उचलायचं असलं की शरीर चपळ आणि दणकट दोन्ही हवं. इथेच घरी सराव करणाऱ्या मुली फसतात. वजन कमी असलं की वर चढणं सोपं, म्हणून त्या जेवणच कमी करतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या धोक्याला नाव दिलं: व्यायामाच्या मानाने ऊर्जा कमी पडली की पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात, दुखापती भरत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीची पाळी चार महिने बंद होती आणि ती त्याला फिटनेस समजत होती.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणाचे तज्ज्ञ 1.4 ते 2 ग्रॅम सांगतात. माझं वजन 55 किलो, म्हणजे किमान 77 ग्रॅम. हे डब्यातल्या पावडरीशिवाय नाशिकच्या स्वयंपाकघरात भागतं. दोन अंडी 12, पाव लिटर दूध 8, दोन वेळची मिळून 60 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य 14, मूठभर शेंगदाणे 7, दिवसभरात दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी 16, आणि 40 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या 20. वड्या नसल्या तर हिशोब साठच्या आतच अडतो, हे मी वही घेऊन बसल्यावरच कळलं.

दुसरी गोष्ट लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. खांबावर उलटं लटकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती दर वेळी भीतीमुळेच असते असं नाही. एकदा तपासून घ्यावं, बाजरी-पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा टाळावा, कारण चहामुळे लोह कमी अंगी लागतं.

आणि नागली, म्हणजे नाचणी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरांत आदिवासी शेतकरी ती पिढ्यान् पिढ्या पिकवतात. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. 2023 हे भरडधान्य वर्ष झाल्यावर तिची बिस्किटं शहरात चकचकीत पाकिटांतून आली, पण पेठरोडच्या बाजारात ती आजही पायलीने मिळते. सराव पोट रिकामं असताना करायचा, निदान दोन तास आधी काही खायचं नाही, कारण उलटं व्हायचं असतं. म्हणून माझी आंबील सरावानंतर. काकूंनी मला ती रात्री भिजवून ठेवायला शिकवलं, ताक आणि जिरं घालून. हल्ली त्या सराव चालू असताना येतात, खुर्ची खांबापासून लांब सरकवतात आणि मी उतरेपर्यंत गादीकडे लक्ष ठेवून बसतात.