हात लावण्याआधीची तपासणी

मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आजाराची शंका आली, की जाणता पशुवैद्य कुत्र्याला लगेच टेबलावर घेत नाही. जमिनीवर मोकळा सोडतो. तो उभा कसा राहतो, पाय कसा टाकतो, हाक मारल्यावर मालकाकडे वळतो का, हे आधी बघतो. प्रतिक्षिप्त क्रिया आणि वेदना तपासायची हातोडी आणि चिमटा नंतर.

चाल ओळखणारी नजर फार जुनी आहे. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ शहरासाठी मंजूर झाली. तिचा संस्थापक क्लोद बुर्जला मुळात घोडेस्वारी शिकवणारा. भारतात घोड्यांच्या एका आजाराला ‘कुमरी’ म्हणतात, तेही कमरेतल्या दुबळेपणावरून. मागचा भाग झुलतो, पाय फरपटतात. गुरांच्या पोटात सहसा निरुपद्रवी राहणाऱ्या जंताच्या अळ्या डासांमार्फत घोड्यात शिरून मज्जारज्जूत भरकटतात, हे कारण मात्र विसाव्या शतकात उलगडलं. डोळ्यांना चाल दिसत होती, पण बिघाड नेमका कुठे हे तिच्यावरून सांगता येत नव्हतं.

ते शिकवलं शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी. १८२४ मध्ये फ्लूराँसने दाखवलं, की लहान मेंदू काढलेल्या कबुतराची ताकद जात नाही, ताळमेळ जातो. १८९२ मध्ये गोल्ट्झने मोठा मेंदू काढलेल्या कुत्र्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो चालू शकत होता, पण त्याला भोवतालचं काही उमगत नव्हतं. म्हणजे चाल आणि भान वेगवेगळे बिघडू शकतात. १८९८ मध्ये शेरिंग्टनने मांजरांत मेंदूचा वरचा भाग तोडल्यावर चारही पाय ताठ होतात हे मांडलं. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जिवांनी मोजली, आणि ते वाचताना आजही जीव कासावीस होतो.

पण त्यातूनच आजची सर्वांत उपयोगी समज आली. गाडीने उडवलेला कुत्रा पुढचे पाय ताठ करून आडवा पडलेला असतो. चारही पाय ताठ, मान मागे खेचलेली आणि शुद्ध हरपलेली असेल, तर इजा मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाला, आणि आशा कमी. मान तशीच, पुढचे पाय ताठ, पण मागचे बहुधा पोटाकडे ओढलेले आणि कुत्रा भानावर असेल, तर लहान मेंदू. पुढचे ताठ, मागचे लुळे आणि नजर अगदी सावध असेल, तर इजा पाठीच्या मणक्यांत. या अवस्थेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ शिफ आणि वर आलेले शेरिंग्टन यांचं नाव आहे. तिसऱ्याला पहिला समजणं म्हणजे मेंदू शाबूत असलेल्या जनावराबद्दल नको तो निर्णय घेणं. इथे निवाडा करतं ते भान, म्हणून ते वेगळं नोंदवायचं.

कुत्र्याच्या मज्जातपासणीला पुस्तकरूप दिलं पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या जॉन मॅकग्रा यांनी, १९५६ मध्ये. १९७७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या अलेक्झांडर डी लहुंटा यांचा ग्रंथ आला आणि लक्षणावरून जागा शोधण्याची शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी मुरली.

याच पाहण्यातून ‘मॅड काऊ’ या गायींच्या मेंदूच्या आजाराची पहिली चाहूल लागली. डिसेंबर १९८४ मध्ये इंग्लंडच्या ससेक्समधल्या एका गोठ्यात पशुवैद्याने पाठ कमानीसारखी वाकलेली, खंगत चाललेली गाय पाहिली. पुढे तिचं डोकं थरथरू लागलं, चालीचा तोल गेला. १९८६ मध्ये आजाराची ओळख पटली, ती मेलेल्या गायींच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. जिवंत गाय समोर असताना पशुवैद्याजवळ होतं ते एवढंच: तिचं उभं राहणं, तिची चाल आणि तिचं अकारण बिचकणं.