अक्षरफोड (चिनी अक्षरभविष्य)

चिनी अक्षराचे तुकडे करून, त्यात रेघा वाढवून किंवा कमी करून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची विद्या. चिनी भाषेत तिला ‘छायत्झ’ (अक्षर फोडणे) किंवा ‘त्सत्झ’ (अक्षराचा ठाव घेणे) म्हणतात. सुंग राजवटीत (960–1279) ती रस्त्यावरचा धंदा म्हणून स्थिरावली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये ती आजही चालते.

देवनागरी जोडाक्षराचे घटक फक्त उच्चार सांगतात. चिनी अक्षराचे घटक मात्र बहुधा स्वतःच अर्थ असलेली अक्षरे असतात. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की ‘तेजस्वी’, माणूस झाडाशेजारी आला की ‘विसावा’, छपराखाली स्त्री आली की ‘शांती’. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन याने 9,353 अक्षरे 540 वर्गांत लावून प्रत्येकाची अशी फोड दिली आणि अक्षराच्या पोटात अर्थ शोधण्याला विद्वत्तेची मान्यता मिळाली. लोकश्रद्धा त्याहून जुनी आहे. चार डोळ्यांच्या त्सांग च्ये याने अक्षरे घडवली तेव्हा आकाशातून धान्याचा पाऊस पडला आणि रात्री भुते रडली, अशी कथा आहे. लिहिलेला कागद पायदळी येऊ न देता वेगळ्या भट्टीत जाळण्याची चाल याच श्रद्धेची. तैवानमध्ये अशा भट्ट्या अजून उभ्या आहेत.

या विद्येचा सुरुवातीचा ठळक वापर राजकीय होता. हान घराण्याचे आडनाव लिऊ. ते अक्षर ‘माओ’ हे कालचिन्ह (बारा कालचिन्हांपैकी एक), धातू आणि सुरी या तीन तुकड्यांचे. इ.स. 9 मध्ये गादी बळकावणाऱ्या वांग मांगने याच कारणाने सुरीच्या आकाराची नाणी आणि ‘माओ’ नावाचे ताईत बंद केले. पुढे डोंग झुओ या जुलमी सेनापतीविरुद्ध मुलांच्या तोंडी एक गाणे आले: ‘हजार ली (अंतराचे चिनी माप) गवत’ आणि ‘दहा दिवस कौल’. पहिल्या तुकड्यांचे ‘डोंग’ होते, दुसऱ्यांचे ‘झुओ’. अक्षर एरवी वरून खाली फोडतात, इथे खालून वर फोडले आहे. इतिहासकारांनी त्याचा अर्थ लावला की चाकर धन्याच्या डोक्यावर चढला. डोंग झुओ 192 मध्ये मारला गेला.

जुन्या बैठकीचे सामान थोडे असे: मेज, कुंचला, लिहून पुसता येईल अशी पाटी आणि गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांची पेटी. लिहिता येणारा गिऱ्हाईक मनात पहिले येईल ते एकच अक्षर लिहितो, न येणारा चिठ्ठी उचलतो. मग प्रश्न कशाचा ते विचारले जाते: आजार, परीक्षा, हरवलेली वस्तू, प्रवासाला गेलेला माणूस. कुशल जाणकार अक्षराइतकेच लिहिण्याकडे पाहतो. रेघ कुठे थरथरली, कोणता भाग आखडला, लिहिताना शेजारी काय घडले, हे सगळे उत्तरात येते. फोड पाटीवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होते.

फोडीच्या रीती ठरलेल्या आहेत. ‘डोके चढवणे’ म्हणजे वर घटक घालणे: डुकराच्या अक्षरावर छप्पर घातले की ‘घर’. ‘पाय जोडणे’ त्याच्या उलट. ‘काळीज छेदणे’ म्हणजे मधून रेघ ओढणे: तोंडाच्या चौकोनातून उभी रेघ गेली की ‘मध्य’. ‘कोंडणे’ म्हणजे भोवती चौकट: माणूस कोंडला की ‘कैदी’, झाड कोंडले की ‘अडचण’. सगळ्यांत नाजूक रीत रेघ वाढवण्याची. ‘मोठा’ या तीन रेघांच्या अक्षरावर आडवी रेघ दिली की ‘आकाश’, खाली टिंब दिले की ‘अतिशय’, तेच टिंब वर उजवीकडे सरकले की ‘कुत्रा’.

शे शर हा सुंग काळातला सर्वांत नावाजलेला जाणकार, मूळचा छंगदूचा. 1119–1125 या काळात तो राजधानीत आला. सम्राट ह्वेइत्सुंगने ओळख लपवून ‘सकाळ’ आणि ‘दरबार’ असे दोन्ही अर्थ असलेले अक्षर लिहून पाठवले. त्याची डावी बाजू दहा, दिवस, दहा अशी, उजवी बाजू महिना. शे शरने ‘दहावा महिना, दहावा दिवस’ असे जुळवले. सम्राटाचा जन्मोत्सव त्याच दिवशी असे, म्हणून लिहिणारा कोण ते त्याने ओळखले.

एकाच अक्षराची दोन उत्तरे कशी निघतात, ते एका लोककथेत नेमके दिसते. परीक्षार्थी ‘माळ’ हे अक्षर लिहितो. त्यात ‘मध्य’ दोनदा ओवलेला आहे आणि ‘मध्य’ या अक्षराचा दुसरा अर्थ ‘अचूक लागणे, उत्तीर्ण होणे’. तेव्हा दोन परीक्षा पास. हे ऐकून दुसरा मुद्दाम तेच लिहितो. जाणकार म्हणतो, पहिल्याने सहज लिहिले, तुझ्यात हेतू आहे. हेतू म्हणजे मन, आणि माळेखाली मन घातले की ‘संकट’.

मिंग घराण्याच्या अखेरीची दंतकथा याहून कठोर आहे. छुंगचेन सम्राटाचा खोजा वेष पालटून ‘यो’ हे अक्षर देतो, अर्थ ‘मित्र’. उत्तर येते: ‘बंड’ या अक्षराने डोके वर काढले आहे. घाबरून तो म्हणतो, तो नव्हे, ‘असणे’ अर्थाचा ‘यो’. उत्तर: वर ‘महान’चा अर्धा, खाली ‘मिंग’चा अर्धा, म्हणजे महान मिंग राज्य अर्धे गेले. तिसरा ‘यो’ दहावे कालचिन्ह: ‘सार्वभौम’ अक्षराचे डोके आणि पाय तोडले की तेवढेच उरते. 1644 मध्ये सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला.

या विद्येला गिऱ्हाइकाच्या क्षणाचे वाचन मानले तर ती टिकते. तिला अक्षराच्या उगमाचा पुरावा मानले की ती कोसळते, कारण पाचांतली चार किंवा त्याहून अधिक चिनी अक्षरे एक अर्थघटक आणि एक उच्चारघटक अशी बनली आहेत, आणि उच्चारघटकाला तिथे स्वतःचा अर्थ नसतो. 1700 च्या सुमारास ब्यूव्हे, प्रेमार आदी जेझुइट पाद्री प्राचीन चिनी ग्रंथांत आणि अक्षरांत बायबलची सत्ये शोधत होते. ‘जहाज’ या अक्षरात नाव, आठ आणि तोंड दिसते, म्हणून ती नोआची आठ माणसे, हे वाचन आजही फिरते. पण ‘आठ-तोंड’ हा तुकडा तिथे उच्चारापुरता आहे; तोच तुकडा ‘शिसे’ या धातूच्या अक्षरातही आहे. ‘धर्मनीती’त ‘मी’च्या डोक्यावर मेंढी दिसते, म्हणून बळीचा कोकरू, हेही तसेच. ‘मी’ हे अक्षर मुळात दातेरी शस्त्राचे चित्र होते आणि ते उच्चारासाठी उसने घेतले गेले. 1899 मध्ये भविष्यास्थींवरचा, म्हणजे कौल लावण्यासाठी वापरलेल्या प्राचीन हाडांवरचा, लेख ओळखला गेला आणि पुढे शू शेनच्याही कित्येक फोडी चुकीच्या ठरल्या. श्रद्धावानाने अशा अक्षरावर चिंतन करायला हरकत नाही. इतिहास म्हणून ते शिकवू नये.

चीनने 1956 पासून अक्षरे सोपी केल्यावर नवा पेच आला. ‘प्रेम’च्या मधले हृदय गेले आणि खाली ‘मित्र’ आला. हृदयाविना प्रेम, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते. मात्र ते रूप धावत्या लिखाणात शतकानुशतके होते.

नावातल्या अक्षरांच्या रेघा मोजून शुभाशुभ ठरवताना जुने रूप की सोपे, हा पेच रोजचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानच्या कुमासाकी केनओ याने रूढ केलेल्या पद्धतीत रेघा 1716 च्या खांगशी कोशातल्या रूपाने मोजतात. पाण्याची तीन टिंबे लिहिताना तीन, मोजताना चार; गवताचे चिन्ह सहा; ‘राजा’सारखे दिसणारे रत्नचिन्ह पाच. अंकांची अक्षरे किमतीने मोजतात, म्हणून पाच रेघांचे ‘चार’ चारच धरतात. सोप्या रूपावरून मोजणारे ज्योतिषीही आहेत, त्यामुळे एकाच बाळाचे नाव एका दुकानात शुभ आणि दुसऱ्यात अशुभ ठरते. मोजणी कोणत्या रूपाची, हे आधी विचारून घ्यावे.