वाहनमागोवा आणि खासगीपणा

वाहनमागोवा म्हणजे चालकाला न अडवता, बहुधा त्याच्या नकळत, त्याची गाडी कुठून निघाली, कुठे थांबली आणि आता कुठे आहे हे कळून घेण्याची पोलिसी साधने व त्यांच्या वापराची रीत. साधने मुख्यतः दोन जातींची. एक जात गाडीला चिकटते : पूर्वीचा रेडिओ बीपर, म्हणजे रेडिओ संदेश सोडून आपला ठिकाणा कळवणारे छोटे यंत्र, आणि आताचा जीपीएस ट्रॅकर. दुसरी रस्त्याच्या कडेला किंवा कमानीवर बसते आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचते. पहिल्या जातीत आधी संशय येतो, मग माग सुरू होतो. दुसऱ्या जातीत माग सगळ्यांचाच आधी काढून ठेवलेला असतो आणि संशय सवडीने येतो. खासगीपणाचा वाद खरा या उलटापालटीचा आहे, पण कायदा बराच काळ पहिल्या जातीशीच झटत राहिला.

माग काढण्याचे काम आपल्याकडे जुनेच. पेशवाईतल्या गावगाड्यात चोरी झाली की गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग शिवेपर्यंत नेई आणि तिथे तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. माग जिथे हरवे त्या गावावर चोरीची जबाबदारी येई. या पद्धतीचे लगाम तिच्यातच होते. माग झालेल्या चोरीचा आणि त्याच चोराचा. शीव आली की जागल्याचा अधिकार संपे. आणि एक पाऊस पडला की पाऊलखुणा पुसल्या जात. आजच्या यंत्रांना पावसाची भीती नाही, त्यामुळे हे लगाम कायद्याने घालावे लागतात.

गाडीला चिकटणारी साधने

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९८३ मध्ये आला तो क्लोरोफॉर्मच्या पिंपातून. युनायटेड स्टेट्स विरुद्ध नॉट्स या खटल्यात मिनेसोटातल्या पोलिसांनी पाच गॅलनच्या पिंपात बीपर दडवला होता. पिंप घेऊन निघालेली गाडी वाटेत नजरेआड झाली. तासाभराने हेलिकॉप्टरमधून बीपरचा संदेश पुन्हा सापडला आणि माग शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका केबिनपर्यंत पोचला. आत अमली पदार्थ बनवण्याचे सामान होते. न्यायालय म्हणाले, सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी गाडी कुणालाही दिसते, तेव्हा तिच्या जाण्या-येण्यात खासगी असे काही नाही. पुढच्याच वर्षी कारो खटल्यात बीपर घराच्या आत गेला आणि त्याच न्यायालयाने हात आखडला. भिंतीआड काय आहे हे वॉरंटशिवाय बीपरने शोधता येणार नाही, असे ठरले. रस्ता सगळ्यांचा, उंबरठ्याच्या आतले ज्याचे त्याचे, अशी ही वाटणी. बीपरच्या काळात ती पुरली, कारण बीपर असला तरी मागे गाडी घेऊन माणसांना धावावेच लागे.

जीपीएस आल्यावर धावणे संपले. वॉशिंग्टनमध्ये नाइटक्लब चालवणाऱ्या अँटॉइन जोन्सवर कोकेनच्या धंद्याचा संशय होता. त्याच्या पत्नीच्या नावावरच्या जीपला ट्रॅकर लावण्यासाठी तपास यंत्रणेने वॉरंट रीतसर घेतले. अटी दोन : दहा दिवसांच्या आत आणि वॉशिंग्टनच्या हद्दीत. प्रत्यक्षात ट्रॅकर लागला तो अकराव्या दिवशी, मेरीलँड राज्यातल्या एका सार्वजनिक पार्किंगमध्ये, गाडीच्या पोटाखाली. मुदतही टळली आणि शीवही ओलांडली. पुढचे २८ दिवस ते यंत्र जीपचा ठावठिकाणा कळवत राहिले. मध्ये बॅटरी बदलायला पोलीस पुन्हा एकदा गाडीखाली गेले. जमा झालेली माहिती दोन हजारांहून अधिक पाने भरली आणि तिनेच जोन्सला कोकेन व रोकड लपवलेल्या घराशी जोडून दिले.

२३ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ही कृती राज्यघटनेच्या अर्थाने ‘झडती’च ठरवली, पण कारणांवर त्यांचे जुळले नाही. न्या. अँटोनिन स्कॅलिया यांच्या बहुमताने बोट ठेवले ते गाडीवर : माहिती काढण्यासाठी दुसऱ्याच्या मालमत्तेला यंत्र चिकटवणे ही आगळीक. जुन्या काळातले उदाहरण म्हणून त्यांनी बग्गीत लपून बसलेला शिपाई कल्पिला. त्यावर न्या. सॅम्युएल अलिटो यांनी चिमटा काढला की त्यासाठी बग्गी तरी अवाढव्य हवी, नाहीतर शिपाई तरी अगदी इवलासा. अलिटो आणि त्यांच्यासोबतच्या तिघांचे म्हणणे असे, की दोष चिकटवण्यात नाही, चार आठवडे सलग पाळत ठेवण्यात आहे. मागे वळून पाहता अलिटोंचाच मुद्दा टिकला असे म्हणावे लागते, कारण थोड्याच वर्षांत काही चिकटवण्याची गरजच उरली नाही. न्या. सोनिया सोतोमायोर यांनी बहुमताला साथ दिली, पण वेगळ्या टिपणात नेमके सांगितले की माणूस कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या प्रार्थनास्थळी आणि कोणत्या सभेला जातो हे सगळे त्याच्या गाडीला ठाऊक असते. जोन्स स्वतः यातून सुटला नाही. २०१३ मध्ये गुन्हा कबूल करून त्याने १५ वर्षांची शिक्षा घेतली.

या खटल्यात खालच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये मांडलेला विचार पुढे सर्वत्र गाजला. तो समजायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणावी. सुटा ठिपका काहीच सांगत नाही आणि तो अंगणात सगळ्यांसमोर असतो. ठिपके जोडले की कासव उमटते. गाडी मंगळवारी सकाळी दवाखान्यासमोर उभी होती, हा ठिपका. ती दर मंगळवारी केमोथेरपीच्या वॉर्डासमोर उभी असते, हे चित्र. २०१८ च्या कार्पेंटर निकालात मोबाइल टॉवरच्या १२७ दिवसांच्या नोंदींबाबत अमेरिकी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हाच विचार उचलला आणि अशा नोंदींसाठी सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल असे म्हटले.

नंबर प्लेट वाचणारी साधने

हे यंत्र ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेत १९७६ मध्ये जन्मले. काम सरळ आहे. कॅमेऱ्याजवळचा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो. प्लेटवरचा परावर्तक थर तो परत फेकतो, त्यामुळे अंधारातही अक्षरे पांढऱ्यावर काळी अशी ठळक येतात. संगणक ती अक्षरे वाचतो आणि चोरीच्या व हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडतो. जुळली तर नियंत्रण कक्षात घंटा वाजते. नाही जुळली तरी क्रमांक, ठिकाण, वेळ आणि फोटो अशी एक ओळ मागे उरते. वादाचे मूळ ही उरलेली ओळ.

तिचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रॅडफर्डला दरोड्याच्या वेळी शॅरन बेशेनिव्हस्की ही पोलीस शिपाई गोळीला बळी पडली, तेव्हा पळालेल्या गाडीचा माग या कॅमेऱ्यांच्या नोंदींतूनच लागला. पाच वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये नाण्याची दुसरी बाजू दिसली. मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या दोन भागांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे उभे राहिले, त्यांतले काही छुपे. रहिवाशांना गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी म्हणून सांगितले गेले. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे उघड होताच कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या आणि २०११ मध्ये ते खांबांसकट निघाले.

नोंद किती दिवस ठेवायची, यावर देशांची उत्तरे टोकाची आहेत. ब्रिटनमध्ये ती वर्षभर राहते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात यादीशी न जुळलेली नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये न जुळलेली नोंद लगेच पुसली तर हक्काला धक्का नाही असे म्हटले होते. १८ डिसेंबर २०१८ रोजी त्याने स्वतःचेच म्हणणे बदलले : पुसली तरी तपासणी झालीच, आणि ती प्रत्येकाची झाली. म्हणून तिला ठोस कारण हवे. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वेगळ्या अंगाने विचार केला. केप कॉड या द्वीपकल्पात शिरायला दोन पूल आहेत आणि त्यांवर चार कॅमेरे होते. एवढ्याने माणसाच्या आयुष्याचे चित्र उभे राहत नाही, पण पुरेसे कॅमेरे पुरेशा जागी लावले तर राहील, असा तो निकाल. मुंबईकराला ही भूगोलाची अडचण समजावून सांगायला नको. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी हे पाच नाके आणि २०२४ पासून अटल सेतू एवढे मोजले, की शहरात गाडीने येण्याच्या बहुतेक वाटा मोजून होतात.

साठवलेली ओळ कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो. २०१२ मध्ये मिनियापोलिसमधल्या वृत्तपत्राने माहिती मागवली आणि खुद्द महापौरांची गाडी वर्षभरात ४१ वेळा कुठे कुठे टिपली गेली याचा नकाशाच छापला. महापौर त्यानंतर ही माहिती बंदिस्त करण्याच्या बाजूने उभे राहिले.

यंत्र चुकते तेव्हा किंमत गाडीतला माणूस मोजतो. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यंत्राने ३ चा ७ वाचला. घरी चाललेल्या एका महिलेला बंदुका रोखून रस्त्यावर गुडघ्यांवर बसवले गेले. २०२० मध्ये कोलोरॅडोतल्या अरोरात यंत्राने आकडे बरोबर वाचले होते. चोरीला गेली होती ती त्याच क्रमांकाची, पण दुसऱ्या राज्यातली मोटारसायकल. पोलिसांनी अडवली एका कृष्णवर्णीय कुटुंबाची मोटार आणि लहान मुलींना पार्किंगच्या डांबरावर पालथे झोपवले.

भारत आणि महाराष्ट्र

आपल्याकडे यंत्राची पहिली लढाई नंबर प्लेटच्या हौसेशी होती. ४१४१ चे ‘दादा’ आणि ८०५५ चे ‘बॉस’ करणाऱ्या कलाकारीपुढे कोणताही कॅमेरा हात टेकतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, चोरीला आळा म्हणून आली : होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, न उघडणारे कुलूप. पण तिची एकसारखी अक्षरे आणि परावर्तक थर यंत्राच्या वाचनालाही सोयीचे, हे फारसे बोलले गेले नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कमानींवरचे कॅमेरे वेग आणि लेन पाहतात. दोन ठिकाणांमधले अंतर भागिले लागलेला वेळ, असा सरासरी वेगही निघतो. त्यासाठी अर्थातच गाडी पहिल्या कमानीखालून केव्हा गेली हे टिपावे लागते, मग ती नियमात चालली असो वा नसो. त्यात २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग आला. ‘हो, पुण्यातच आहे’ असे मुलगा फोनवर सांगत असतो आणि खालापूर टोलचे पैसे कापल्याचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर येऊन पडलेला असतो, कारण टॅग त्यांच्या खात्याला जोडलेला. घरात यावर हसून सोडता येते. तीच नोंद पोलिसांना हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश पुरतो, न्यायाधीशाकडे जावे लागत नाही. केंद्र सरकारने तर २०१९ मध्ये वाहन नोंदणीची माहिती कंपन्यांना घाऊक विकण्याचे धोरणच आणले होते. खासगीपणाचे कारण देऊन ते २०२० मध्ये मागे घेतले.

पाटीवर विसंबण्यात काय अडते हे जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्यात दिसले. ताज हॉटेलसमोर एकाच क्रमांकाच्या दोन पांढऱ्या अर्टिगा उभ्या राहिल्या. एकाच्या चालकाने कर्जाच्या वसुलीवाल्यांना चुकवायला पाटीवरचा आकडा बदलला होता. खऱ्या क्रमांकाच्या मालकाला त्याआधीपासून न केलेल्या गुन्ह्यांची ई-चलने येत होती.

कायद्याची गोष्ट खडकसिंगपासून सुरू होते. दरोड्याच्या आरोपातून सुटलेल्या या माणसावर उत्तर प्रदेश पोलीस रात्री-अपरात्री घरी येऊन आणि बाहेर मागे फिरून पाळत ठेवत. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, पण जाण्या-येण्यावरची नजर कायम ठेवली. नॉट्स-कारोची रस्ता-उंबरठा वाटणी इथे वीस वर्षे आधीच झाली होती. न्या. सुब्बा राव यांनी विरोधी मतात म्हटले, की पाळतीखालच्या माणसाला सारा देशच तुरुंग होतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि खडकसिंग निकालातला विरुद्ध भाग रद्द ठरवला.

८ जुलै २०२४ च्या फ्रँक व्हायटस निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी जामिनाची एक अट काढून टाकली. आरोपीने आपला ठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसेल असा गूगल मॅप्सवर पिन टाकून ठेवावा, अशी ती अट होती. सुटलेल्या आरोपीच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावू देणे घटनेत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. गंमत म्हणजे अशा पिनेने माणसाचा चालता माग लागतच नाही, हे गूगलला न्यायालयात येऊन सांगावे लागले.

गाडीला पोलिसांनी ट्रॅकर केव्हा आणि कुणाच्या परवानगीने लावावा, याला वाहिलेला स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गुन्ह्याचा प्रतिबंध आणि तपास यांना बऱ्याच बंधनांतून मोकळे केले आहे. कॅमेऱ्यांपुरता नियम आहे तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ, २०२१ चा. कॅमेरा लावल्याचा फलक रस्त्यावर हवा, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत जायला हवी आणि चलन निकाली निघेपर्यंत नोंद जपायला हवी, असे तो सांगतो. चलन ज्याचे निघालेच नाही, त्या गाडीचा फोटो केव्हा पुसायचा, याबद्दल तो गप्प आहे.