मेंदूची चौकशी कानाकडे

भोवळ येते म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे गेलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी पडते ती ऑडिओलॉजिस्टची. एमआरआयची तारीख लांब आहे, आजाराला अजून नाव नाही, आणि करायच्या काय, तर कानाच्या तपासण्या. ‘पण मला ऐकू नीट येतं,’ हे वाक्य तिथे रोज कुणी ना कुणी म्हणत असणार. पुढे आणखी एक गंमत असते. ज्या गरगरण्यातून सुटायला आलो, तेच तिथे मुद्दाम घडवून आणतात.

कारण शरीराच्या बांधणीत आहे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नलिका ऐकण्याचं काम करते. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या डोक्याच्या हालचालींची खबर ठेवतात. दोन्ही खात्यांचे निरोप एकाच नसेतून, आठव्या मस्तिष्क नसेतून, मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, जातात. डोळे फिरवणं, गिळणं, श्वास, हातापायांकडे जाणारे हुकूम, सगळ्यांची वर्दळ त्याच अंगठ्याएवढ्या जागेत. तिथे थेट हात घालता येत नाही. पण कानाला आवाज ऐकवून, त्याचा निरोप वर किती वेळात पोचला, हे मोजता येतं.

सुरुवात साध्या चाचणीने होते. कानावर हेडफोन, २५० ते ८००० हर्ट्झचे बारीक स्वर, ऐकू आला की बटण दाबायचं. आलेखावरचं ० डेसिबल म्हणजे निःशब्द शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीने जेमतेम ऐकू येणारा तो आवाज. म्हणून काही तल्लख कान उणे १० पर्यंतही जातात. न्यूरॉलॉजिस्टची नजर मात्र दोन गोष्टींवर असते: एकाच कानाचं ऐकणं कमी झालंय का, आणि स्वर बऱ्यापैकी ऐकू येऊनही शब्द समजत नाहीत असं होतंय का. दुसऱ्या गोष्टीने संशयाची सुई कानावरून नसेकडे वळते.

मग येते ‘बेरा’ (BERA), आवाजाला मस्तिष्कस्तंभ काय उत्तर देतो ते टिपणारी चाचणी. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टक-टक आवाज सुरू होतो आणि आपण नुसतं पडून राहायचं. झोप लागली तर उत्तमच. एका ‘टक’ला मस्तिष्कस्तंभाचं उत्तर असतं मायक्रोव्होल्टच्याही अंशाएवढं, मेंदूच्या बाकी गलबल्यात पार बुडून जाणारं. म्हणून हजार-दोन हजार टक ऐकवून सरासरी काढतात. गलबला एकमेकांत विरतो आणि उत्तर शिल्लक राहतं. डॉन ज्युएट आणि जॉन विलिस्टन यांनी १९७१ मध्ये या आलेखातल्या लहरींना रोमन आकडे दिले. पहिली लहर नसेची, पाचवी मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातली, आणि दोन्हींत अंतर साधारण ४ मिलिसेकंदांचं. गाडी पहिल्या स्टेशनातून वेळेवर सुटली आणि पाचव्याला उशिरा पोचली, तर खोळंबा मधल्या रुळांवर. नसेवर दाबणारी गाठ असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात नसांचं मायलिनचं आवरण झिजलं असेल, तर हा उशीर दिसू शकतो. अगदी लहान गाठ मात्र बेराच्या हातून निसटते, म्हणून एमआरआय टळत नाही.

सगळ्यांत धास्ती असते कॅलरिक चाचणीची. व्हिएन्नात कान धुताना रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आलं की थंड पाण्याने रुग्णाला भोवळ येते, गरम पाण्यानेही येते, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेला होतात. या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आजही तेच करतात: कानात ३० आणि ४४ अंश सेल्सियसचं पाणी, किंवा त्याऐवजी हवा. तापमानाच्या फरकाने नलिकेतला द्रव हलतो आणि स्थिर पडलेल्या माणसाचा मेंदू समजतो की डोकं फिरतंय. (१९८३ मध्ये अंतराळयानातही हे झटके दिसले, जिथे वजनच जाणवत नसल्याने गरम द्रव वर चढण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे हे पुस्तकी उत्तर पुरतं नाही.) एकेका कानाला मिनिट-दोन मिनिटं गरगरतं, मग ओसरतं.

तेव्हा डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा असतो आणि आत अंधार, कारण नजर एखाद्या ठिपक्यावर रोवता आली की कानाच्या बिघाडातले झटके दबतात. मेंदूच्या बिघाडातले बहुधा दबत नाहीत. वर-खाली जाणारे किंवा नजरेबरोबर दिशा बदलणारे झटकेही मेंदूकडेच बोट दाखवतात. मधेच ऑडिओलॉजिस्ट शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. ती बुद्धीची परीक्षा नव्हे. मन सुस्तावलं की झटके मंदावतात, एवढंच.

मला स्वतःला सर्वांत चक्रावणारी वाटते ती डोकं झटकन वळवण्याची चाचणी, मायकेल हाल्माजी आणि इयन कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये मांडलेली. नजर समोर बसलेल्या डॉक्टरांच्या नाकावर ठेवायची आणि ते आपलं डोकं अचानक थोडंसं वळवतात. कानाची नस दुखावली असेल तर नजर घसरते आणि उडी मारून परत येते. तासन्‌तास न थांबणाऱ्या भोवळीत ही चाचणी बिघडलेली आली तर एका अर्थी दिलासा असतो, दोष बहुधा कानाचा. ती अगदी सुरळीत आली तरच डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, कारण मग मेंदूतल्या पक्षाघाताची शंका घ्यावी लागते.

जाण्याआधी डोळ्यांना काजळ-मस्कारा नको. कॅमेरा त्यालाच बाहुली समजतो. भोवळीच्या गोळ्या किती आधी थांबवायच्या ते विचारून घ्यावं. फिटच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नयेत.

आणि मग रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं येतं. कित्येकांना हा शब्द थपडेसारखा लागतो: म्हणजे मी सोंग करतोय का? तसं नसतं. या चाचण्या बिघाडाचं ठिकाण शोधतात, आजाराचं नाव नाही. मायग्रेनमधून येणाऱ्या भोवळीत दोन भोवळींच्या मधल्या दिवसांत सगळं सुरळीत दिसू शकतं. उलट, एक कान कमजोर असूनही मेंदूने जमवून घेतलं, तर माणूस मजेत चालतो आणि रिपोर्ट वाईट दिसतो. म्हणून पुढच्या भेटीपर्यंत वहीत टिपलेलं रिपोर्टइतकंच कामाला येतं: भोवळ सेकंदांची होती, मिनिटांची की तासांची, कूस बदलताना आली की बसल्या बसल्या, सोबत कान भरला का, त्यात आवाज घुमला का. भोवळीबरोबर अचानक दोन-दोन दिसू लागलं, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर मात्र वही बंद करून, दिलेल्या तारखेची वाट न पाहता, थेट इस्पितळ गाठायचं.