हंगेरियन भाषेतला ‘अजून’

इंग्रजीतला ‘यट’ हा छोटासा शब्द हंगेरियनमध्ये नेताना त्याचे दोन तुकडे करावे लागतात. ‘हॅव यू ईटन यट?’ हा प्रश्न हंगेरियन माणूस ‘ऍत्तेल मार?’ असा विचारतो, आणि त्यावरचे ‘नॉट यट’ हे उत्तर मात्र ‘मेग नॅम’ असे देतो. प्रश्नात ‘मार’ आणि उत्तरात ‘मेग’. शब्दकोशात ‘यट’पुढे हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी छापलेले असतात आणि नवा विद्यार्थी त्यांतला एक अंदाजाने उचलतो. मराठी बोलणाऱ्याने मात्र इंग्रजी क्षणभर बाजूला ठेवून ‘जेवलास का?’ आणि ‘अजून नाही’ एवढेच मनात म्हटले, तर गुंता बराचसा सुटतो, कारण इथला ‘मेग’ म्हणजे जवळजवळ आपला ‘अजून’च आहे.

या दोन शब्दांमागची यंत्रणा पावसाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. हंगेरियनमध्येही पाऊस ‘पडतो’च, ‘ऍशिक’ म्हणजे पडतो, आणि ‘ऍशो’ हे पावसाचे नावच मुळात ‘पडणारा’ अशा अर्थाचे आहे. आता चार वाक्ये पाहू. ‘मार ऍशिक’ म्हणजे पाऊस सुरू झाला आहे. ‘मेग ऍशिक’ म्हणजे अजून पडतो आहे. ‘मेग नॅम ऍशिक’ म्हणजे अजून पडत नाही, आणि ‘मार नॅम ऍशिक’ म्हणजे आता पडत नाही, थांबला. ‘मेग’ सांगतो की आधीची स्थिती तशीच चालू आहे. ‘मार’ सांगतो की स्थिती पालटली आहे. ‘नॅम’ म्हणजे ‘नाही’. दोन क्रियाविशेषणे आणि एक नकार एवढ्या सामग्रीवर चारही अवस्था उभ्या राहतात, तर इंग्रजीला त्याच कामासाठी ‘ऑलरेडी’, ‘स्टिल’, ‘नॉट यट’ आणि ‘नो लाँगर’ असे निरनिराळे शब्दप्रयोग लागतात. हंगेरियन मांडणी मला विलक्षण देखणी वाटते.

मराठीचे या मांडणीशी असलेले साम्य आणखी एका ठिकाणी दिसते. कॅफेत दुसरा कप मागवताना हंगेरियन माणूस ‘मेग ऍद्य कावेत केरॅक’ म्हणतो, म्हणजे ‘अजून एक कॉफी द्या’. न थांबलेला पाऊस, न झालेले जेवण आणि वाढीव कॉफी या तिन्हींसाठी तिकडे ‘मेग’ चालतो आणि आपल्याकडे ‘अजून’ चालतो. इंग्रजीत मात्र ‘स्टिल’, ‘यट’ आणि ‘अनदर’ असे तीन वेगळे शब्द घ्यावे लागतात. हे साम्य रक्ताच्या नात्याचे नव्हे. मराठी भारत-युरोपीय कुळातली, तर हंगेरियन उरालिक कुळातली आहे आणि तिच्या सर्वांत जवळच्या बहिणी, खांती आणि मान्सी, पश्चिम सायबेरियात बोलल्या जातात. हे कुळ ओळखण्याच्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे 1770 साली प्रसिद्ध झालेले हंगेरियन खगोलअभ्यासक यानोश शॉयनोविच यांचे लेखन. ते 1769 चे शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहण्यासाठी उत्तर नॉर्वेत गेले होते, तिथे त्यांनी सामी या तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा ऐकली आणि तिचे हंगेरियनशी असलेले नाते मांडले. मराठीशी असलेले साम्य मात्र दोन भाषांनी काळाकडे आपापल्या वाटेने सारख्याच नजरेने पाहिल्यामुळे आले आहे.

काळाचेच आणखी दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. इंग्रजीत ‘धिस यर’ असे दोन शब्द लागतात, तर हंगेरियन ‘इदेन’ म्हणते, आणि आपण ‘यंदा’ म्हणतो. इंग्रजीतल्या ‘लास्ट यर’साठी हंगेरियनमध्ये ‘तॉवॉय’ हा एकच शब्द आहे. मराठीतही ‘गुदस्ता’ हा असाच एकशब्दी पर्याय आहे, तो आता कमी ऐकू येतो एवढेच. ‘परवा’च्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या होतात. आपला ‘परवा’ कालच्या आधीचाही असतो आणि उद्याच्या नंतरचाही. त्यातला कोणता, हे क्रियापदावरून कळते. हंगेरियनमध्ये ‘तॅग्नॉपॅलोत्त’ म्हणजे कालच्या आधी आणि ‘होल्नॉपुतान’ म्हणजे उद्याच्या नंतर. तेव्हा मराठीतून थेट जातानाही आधी वाक्याचा काळ पाहणे भागच आहे.

स्थळाच्या बाबतीत हंगेरियन आपल्यापेक्षा काटेकोर आहे. ‘इत्त’ म्हणजे इथे असणे, ‘इदॅ’ म्हणजे इकडे येणे आणि ‘इन्नॅन’ म्हणजे इथून जाणे. इंग्रजीच्या ‘हिअर’मध्ये पहिले दोन्ही अर्थ मिसळून जातात. आपल्याकडे ‘तो घरात आहे’ आणि ‘तो घरात गेला’ या दोन्ही वाक्यांत ‘घरात’ हे एकच रूप येते, पण हंगेरियनमध्ये पहिल्या घराला ‘हाझबॉन’ आणि दुसऱ्याला ‘हाझबॉ’ म्हणतात. अखेरचा ‘न’ राहिला किंवा गेला, की स्थिरता आणि गती बदलते. गावांच्या नावांतही गंमत आहे. हंगेरीतली बहुतेक गावे ‘वर’ असतात, परदेशी गावे ‘आत’ असतात, त्यामुळे माणूस बुडापेस्टवर राहतो, ‘बुदॉपॅश्तॅन’, आणि मुंबईत राहतो, ‘मुंबईबॉन’.

विशेषणापासून क्रियाविशेषण करायची पद्धत सरळ आहे, पण तिला स्वरांचे शिस्तशीर नियम आहेत. ‘द्योर्श’ म्हणजे वेगवान, त्यावरून ‘द्योर्शॉन’ म्हणजे वेगाने. ‘सेप’ म्हणजे सुंदर, त्यावरून ‘सेपॅन’. शब्दातले स्वर जिभेच्या मागच्या भागातून निघत असतील तर प्रत्ययाचा स्वरही तसाच, आणि पुढच्या भागातून निघत असतील तर तोही पुढचाच. याला स्वरसंवाद म्हणतात. सर्वांत वापरातले काही शब्द मात्र या चाकोरीत बसत नाहीत: ‘यो’ म्हणजे चांगला, पण ‘चांगल्या प्रकारे’ म्हणजे ‘योल’. भाषांच्या नावांना ‘उल’ हा प्रत्यय लागतो, म्हणून ‘मॉद्यॉरुल बॅसेलॅक’ याचा अर्थ ‘मी हंगेरियनमध्ये बोलतो’ असा होतो. इंग्रजीत तिथे भाषेचे नाव कर्मासारखे नुसतेच येते; आपण ‘मराठीत बोलतो’ म्हणतो, तेव्हा आपण हंगेरियन पद्धतीच्या बरेच जवळ असतो.

‘जस्ट’ या शब्दाचे भाषांतर करणाऱ्याने तर कोश मिटूनच बसावे. ‘आत्ताच आलो’ असे सांगायचे असेल तर ‘मोश्त’ लागतो, ‘नेमके तेच’ म्हणायचे असेल तर ‘पोन्त’ आणि ‘फक्त एक’ म्हणायचे असेल तर ‘चॉक’. हा ‘चॉक’ मोठा कामाचा शब्द आहे. कुणी दारात उभा राहून ‘का आलास?’ असे विचारले आणि विशेष कारण नसेल, तर ‘चॉक ऊद्य’ एवढे उत्तर पुरते, म्हणजे आपल्याकडचे ‘सहज’. त्याचा शब्दशः अर्थ ‘फक्त तसे’ असा आहे, पण तो अर्थ घेऊन कुणी भाषांतर करू लागला, तर त्या उत्तरातला जिव्हाळा निघून जातो.

‘हाऊ आर यू?’चे भाषांतरही समोर कोण आहे हे ठरल्याशिवाय होत नाही. मित्राला ‘होद्य वॉद्य?’ म्हणतात. अनोळखी माणसाला आदराने विचारताना क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी होते आणि ‘होद्य वॉन?’ असा प्रश्न तयार होतो, जणू समोरच्याला ‘तो’ म्हणून संबोधावे तसा. आपण ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणून अनेकवचनाने आदर दाखवतो, तिकडे व्यक्तीला थोडे दूर ठेवून दाखवतात. लहान मुले वयस्क माणसांशी बोलताना ‘तॅत्सिक’ हे आणखी एक क्रियापद जोडतात, ज्याचा मूळ अर्थ ‘आवडते’ असा आहे.

शेवटी एक जोडी, जी कान तयार झाल्याशिवाय पकडता येत नाही. पत्र पुरते लिहून झाले हे सांगण्यासाठी हंगेरियन माणूस क्रियापदाआधी ‘मॅग’ हा उपसर्ग लावतो. आपण ज्या ठिकाणी ‘लिहून टाकले’ म्हणतो, त्याच ठिकाणी तो येतो. ‘पत्र लिहिलेस?’ या प्रश्नाला होकार देताना पूर्ण क्रियापद उच्चारायचीही गरज नसते, नुसता ‘मॅग’ पुरतो. आणि पत्र राहिले असेल तर उत्तर येते ‘मेग नॅम’. पहिल्यात ऱ्हस्व, तोंड उघडे ठेवून म्हटलेला ‘ॲ’, दुसऱ्यात लांबवलेला ‘ए’; एका स्वराने पत्र टपालात गेलेले असते, दुसऱ्याने ते टेबलावर पडून असते.