घोड्यांची रक्तचाचणी : विश्वसनीयता (बेळगाव सीमाभाग)

घोडे, तट्टे, गाढवे व खेचरे यांच्या सांसर्गिक रोगांसाठी रक्तजलावर (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर द्रवावर) होणाऱ्या चाचण्यांचा निकाल कितपत खरा मानावा, याचा विचार. निपाणी, चिकोडी, खानापूर पट्ट्यात शर्यतीचे घोडे, वरातीची घोडी आणि धनगरांची बिऱ्हाड वाहणारी तट्टे असल्याने हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. ग्लँडर्सची (माणसालाही होऊ शकणाऱ्या, घोड्यांच्या जीवघेण्या जंतुरोगाची) बाधा पक्की ठरलेल्या जनावराला दयामरण देतात.

मॅलीनची (ग्लँडर्सच्या जंतूच्या अर्काची) निदानासाठीची टोचणी सु. १८९०–९१ मध्ये रशियात हेलमन व काल्निंग यांनी स्वतंत्रपणे शोधली. ती दिल्यावर पुढे रक्तजल खोटे बाधित दिसू शकते, म्हणून रक्त आधी घेणे इष्ट. पूरक-बंधन चाचणीत रक्तजलात प्रतिपिंडे (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) असतील तर पूरक द्रव्य (पेशी फोडणारी रक्तातील प्रथिने) त्यांच्याकडेच अडकते आणि चाचणीत घातलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी न फुटता तळाशी ठिपक्यासारख्या बसतात. नसतील तर द्रव लालभडक होतो. गाढव-खेचरांचे रक्तजल स्वतःच पूरक द्रव्य अडवते, त्यामुळे ते ६३° से.ला तापवून घेतात.

खरा वाद समान प्रतिजनांचा, म्हणजे प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात त्या जंतूच्या घटकांचा आहे. ग्लँडर्सचा जंतू बर्कहोल्डेरिया मॅलिआय हा मेलिऑयडोसिस या दुसऱ्या रोगाच्या जंतूपासून जनुके गमावत निघाला असावा, असे बहुतेक मानतात. हा दुसरा जंतू मातीत राहतो आणि त्याचे रुग्ण किनारी कर्नाटकात आढळतात. संपूर्ण जंतूचा अर्क वापरणाऱ्या चाचण्या दोघांत गफलत करू शकतात. एकेका प्रथिनावर बेतलेली एलायझा (रंग बदलून प्रतिपिंडे दाखवणारी चाचणी) त्यामानाने भरवशाची वाटते. भारतात चाळणीसाठी एलायझा व खात्रीसाठी पूरक-बंधन असा क्रम आहे. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हिसारला आहे.

रोग दुर्मिळ असला की चांगली चाचणीही फसते. समजा, हजार घोड्यांत एकच बाधित आहे आणि चाचणी निरोगी घोड्यांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर ओळखते. तरी सुमारे वीस निरोगी घोडे बाधित ठरतील. एका कागदावर घोडे मारू नये, ते यामुळेच.

अश्वीय संसर्गजन्य पांडुरोग या विषाणूजन्य रोगासाठी प्रतिपिंडे शोधणारी कॉगिन्स चाचणी (१९७०) आहे. लागण झाल्यावर प्रतिपिंडे दिसायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून जत्रेआधीचा ‘निर्दोष’ दाखला अपुरा ठरू शकतो. बाधित घोडीच्या शिंगरात चिकातून आलेली प्रतिपिंडे काही महिने टिकतात, त्यामुळे ते खोटे बाधित दिसू शकते.

सर्रा या रक्तातील परजीवीच्या रोगात ताप असताना काचपट्टीवरील रक्तात परजीवी दिसतात, एरवी क्वचितच.

मानेच्या शिरेतून घेतलेले रक्त न हलवता गोठू द्यावे लागते. मोटारसायकलवर हिसकत, उन्हात आणलेल्या नळीतले पिवळे रक्तजल गुलाबी होते. पूरक-बंधनात तोच रंग वाचायचा असल्याने नमुना नव्याने घ्यावा लागतो.