पॅलॅडियमवरचा हायड्राइड : नावातच घोळ

पॅलॅडियम हा धातू हायड्रोजन पिऊन घेतो, तोही स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट, हे १८६६ पासून माहीत आहे. १९१८ मध्ये बेरियम सल्फेटवरचा पॅलॅडियम आणि हायड्रोजन वायू वापरून ॲसिड क्लोराइडपासून (कार्बनी आम्लाचे क्लोरीन असलेले रूप) अल्डिहाइड (CHO गट असलेले संयुग) करण्याची रीत आली. १९४७ मध्ये लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड (हायड्राइड म्हणजे ज्यात हायड्रोजन ऋणभारित मानतात असे संयुग) आला, पण तो पॅलॅडियमविनाच आपले काम करत राहिला. पॅलॅडियम आणि असे हायड्राइड यांची खरी गाठ पडली ती १९८० च्या आसपास, ट्रायब्यूटिलटिन हायड्राइड या कथिलाच्या (टिनच्या) संयुगामुळे.

तोवर हा टिन हायड्राइड मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या) अभिक्रियांत मुरलेला होता. पॅलॅडियम(०), म्हणजे शून्य ऑक्सिडीकरण अवस्थेतला पॅलॅडियम, याच्यासोबत तो वेगळाच वागू लागला. ॲसिड क्लोराइडपासून अल्डिहाइड मिळाले आणि ॲलिल गट (तीन कार्बनचा, दुहेरी बंध असलेला गट) अलगद सुटू लागले.

इथेच 'हायड्राइड' हा शब्द अडचणीत आणतो. पॉलिंग मापनावर हायड्रोजनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) २.२० आणि पॅलॅडियमचीही २.२०. म्हणजे ऋणभार हायड्रोजनकडेच आहे, असे म्हणायला फारसा आधार नाही. तरी कागदावर हायड्रोजनला −१ आणि पॅलॅडियमला +२ लिहितात. हा निव्वळ हिशेबाचा संकेत. हेक अभिक्रियेच्या (पॅलॅडियमच्या मदतीने दोन कार्बन जोडणाऱ्या अभिक्रियेच्या) शेवटी उरतो तोही 'पॅलॅडियम हायड्राइड'च. त्यातला हायड्रोजन काढायला मात्र ट्रायएथिलअमाइनसारखा बेस लागतो, म्हणजे तो धनभारित प्रोटॉन म्हणून बाहेर पडतो! त्यात भर म्हणजे सिलेनही (सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेली संयुगे) सर्रास धातू-हायड्राइडांतच मोजतात, सिलिकॉन धातू नसताना. 'हायड्रोजन-दाता' म्हटले असते तर निम्मा गोंधळ टळला असता, असे मला वाटते.

फ्लास्कमध्ये पाहिले तर अडचण आणखी रोकडी असते. टिन हायड्राइड एकदम ओतला की बुडबुडे येतात, द्रावण काळवंडते: पॅलॅडियम त्याचेच विघटन करून हायड्रोजन आणि डायटिन (दोन टिन अणू जोडलेले संयुग) बनवतो. म्हणून तो थेंबाथेंबाने, सिरिंज पंपाने सोडतात. काम झाल्यावर टिनचे अवशेष पोटॅशियम फ्लोराइडच्या द्रावणाने धुवायचे, आणि तरीही ते शुद्धीकरणाच्या कॉलममध्ये चिवटपणे मागे लागतात. शिवाय ही संयुगे विषारी.

त्यामुळे पुढे ओढा सिलेनकडे गेला. १९९० मध्ये ट्रायएथिलसिलेन आणि कार्बनवरचा पॅलॅडियम यांनी थायोएस्टरपासून (गंधक असलेल्या एस्टरपासून) अल्डिहाइड मिळवून दाखवले, तेही सामान्य तापमानाला. अल्डिहाइड पुढे अल्कोहोलपर्यंत घसरत नाही. पेप्टाइडवरचा ॲलॉक गट (अमाइन तात्पुरते झाकणारा ॲलिल-युक्त गट) काढायला आता बऱ्याचदा फिनाइलसिलेनच हाताशी घेतात.